१६ फुटी की २१ फुटी? आधी काठ पाहा

प्रश्न : दोन जुन्या बोटी पाहिल्या आहेत. एक १६ फुटी, ४० हॉर्सपॉवरची. दुसरी २१ फुटी, ११५ची. किमतीत फार फरक नाही. घरचे सहा जण, फिरणं हतनूर धरणाच्या फुगवट्यात चांगदेवकडे. कोणती घेऊ? (भुसावळ)

उत्तर : भाऊ, १६ फुटी घ्या. सहा जण मात्र एकदम बसवू नका. एवढ्या वजनाला ४०चं इंजिन बोटीला पाण्यावर उचलत नाही. ती नांगरासारखी पाणी फाडत जाते आणि पेट्रोल पिते. दोन फेऱ्या करा.

मोठी बोट स्वस्त का मिळतेय, याचं उत्तर बहुतेक वेळा काठावर असतं. ट्रेलरसकट तिचं वजन दीड टनाच्या आसपास जातं. पूर्णा नदी गाळ आणते, आणि मे महिन्यात पाणी उतरलं की काठापासून पाण्यापर्यंत चिखलाचा पट्टा उरतो. घरचा ट्रॅक्टर आहे म्हणाल, पण तोच रुतला तर? आता सौदा ठरवायच्या आधी, पाणी खाली असताना, बोट जिथून सोडणार तिथे स्वतः चालून या. इंधनाचंही बघा : पूर्ण वेगात ४०चं इंजिन तासाला साधारण १५ लिटर घेतं, ११५चं ४० लिटरच्या घरात.

पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडू लागले की बोट घरीच. हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, थव्यात बोट घालू नका.

प्रश्न : नवापूरकडे उकाई धरणाच्या फुगवट्यासाठी २१ फुटी बोट बघतोय. इंजिन समुद्रात चाललेलं आहे. धोका आहे का? (नवापूर)

उत्तर : तुमच्यासाठी मोठीच बरी. उघड्या पाण्यावर दुपारी वारा सुटला की लहान बोट आदळत राहते. इंजिनाचं मात्र कसून बघा. खारं पाणी थंडाव्याच्या वाटा आतून खातं, वरचा रंग चकचकीत असला तरी. विक्रेत्याला सांगून ठेवा, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गरम इंजिन कुणीही सुरू करून दाखवतो. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या, त्यांच्यात दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. गिअर ऑइल थोडं काढून बघा. दुधट असेल तर आत पाणी शिरलंय. मग इंजिन टांगलेल्या मागच्या फळीवर हातोडीच्या दांड्याने टकटक करा. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर आतलं लाकूड कुजलं असणार. तसं निघालं तर किंमत पाडत बसू नका, बोट सोडून द्या. फळी बदलणं हे घराचा पाया बदलण्याइतकंच खर्चिक काम.

प्रश्न : विक्रेता म्हणतो, धरणात चालवायला कागद लागत नाहीत. खरं का? (चाळीसगाव)

उत्तर : नाही. अंतर्देशीय जहाज कायदा २०२१नुसार यांत्रिक बोटीची नोंदणी लागते, आणि ती देशभर चालते. धरणात उतरायला जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. इंजिनावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः जुळवा, मगच पैसे द्या.