मराठी विकिपीडियावर अनोळखी माणसं मिळून एक लेख कसा लिहितात?

तुम्ही विचारलंय की विकिपीडियावर कुणीही काहीही लिहू शकतं, मग एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एक धड लेख तयार करतात तरी कशी, त्यांची भांडणं होत नाहीत का, आणि एक पैसा मिळत नसताना हे कशासाठी करायचं. मी २०१२ पासून मराठी विकिपीडियावर संपादन करते. साताऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. रात्री शटर ओढून घरी आले, जेवणं झाली की तास-दीड तास यासाठी ठेवते. त्या अनुभवातून सांगते.

नियमांची यादी देण्यापेक्षा एका लेखाचं काय झालं ते सांगितलं तर जास्त कळेल. आमच्या साताऱ्याजवळ लिंब नावाचं गाव आहे. तिथली बारामोटेची विहीर तुम्ही कदाचित फोटोत पाहिली असेल. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, ५० फूट रुंद, आणि आत दगडी महाल. तिच्याविषयी कुणीतरी खातं न उघडताच चार ओळी लिहून ठेवल्या होत्या. त्यातली एक ओळ अशी होती, की ही विहीर इ.स. १६४१ ते १६४६ या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. मी त्या लेखात खोली-रुंदीची माहिती घातली, साचा (माहितीची तयार मांडणी) लावला, वर्ग (विषयवार गट) टाकले. त्या ओळीवरून माझी नजर किती वेळा फिरली असेल, पण मला काही खटकलं नाही. महिनोन् महिने कुणालाच खटकलं नाही.

मग एक दिवस लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर एका सदस्याने तीन ओळी लिहिल्या. वीरूबाई या सातारच्या छत्रपती शाहू महाराजांच्या परिवारातल्या. शाहू महाराजांचा जन्म १६८२ चा. १६४१ साली तर शिवाजी महाराज स्वतः अकरा वर्षांचे होते. मग विहीर तेव्हा कशी बांधली?

वाचून मी खुर्चीत ताठ बसले. उत्तर समोरच होतं. १६४१ हा इसवी सन नव्हे, शक होता. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १७१९ ते १७२४. तो काळ शाहू महाराजांच्या कारकिर्दीत चोख बसतो. कुणीतरी कधीतरी शकाचा आकडा उचलताना मागचं 'शके' गाळलं आणि पुढे 'इ.स.' लावलं. तिथून ती चूक एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर, तिथून पर्यटनाच्या माहितीत, तिथून आमच्या लेखात आली.

इथपर्यंत सोपं वाटतं, पण खरी गंमत पुढे आहे. मी वर्षं बदलली. दुसऱ्या दिवशी आणखी एका सदस्याने माझा बदल उलटवला. त्याचं म्हणणं असं, की जुन्या वर्षांना तीन संदर्भ आहेत, तुमच्या वर्षांना एकही नाही. मी पुन्हा बदललं, त्याने पुन्हा उलटवलं. मला खूप राग आला होता. एका प्रचालकांनी, म्हणजे देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या सदस्याने, येऊन सांगितलं, दोन्ही वर्षं तात्पुरती काढून ठेवा आणि आधी चर्चा पानावर बोला. तिथे तिसऱ्याच कुणीतरी ते तीन संदर्भ शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. तिन्हींतलं वाक्य शब्दशः एकच होतं, स्वल्पविरामासकट. म्हणजे संदर्भ तीन नव्हते. एकच होता, तीन ठिकाणी चिकटवलेला. संदर्भ मोजायचे नसतात, तो कुठून आला ते शोधायचं असतं, हे मी त्या दिवशी शिकले.

त्या रविवारी मी आणि माझा भाऊ स्कूटरवरून लिंबला गेलो. विहिरीवरच्या शिलालेखाचे फोटो काढले. अक्षरं लावत लावत वाचली आणि रात्री उत्साहाने लेखात घालायला बसले. तर ज्यांनी मूळ शंका काढली होती तेच म्हणाले, "ताई, तुम्ही वाचलंय ते बरोबरच असेल. पण वाचणाऱ्याने ते पडताळायचं कसं? छापील वाचन हवं." विकिपीडियावर स्वतःचं मूळ संशोधन घालता येत नाही. तुम्ही प्रत्यक्ष पाहून आलात तरी नाही. दोन दिवस मी तिकडे फिरकले नाही. नंतर विचार केला, की मी शिलालेखांची अभ्यासक नाही. माझ्या जागी दुसरा कुणी उत्साही माणूस चुकीचं वाचून आला असता तर मीही त्याला हेच सांगितलं असतं.

आठवड्याभराने पुण्यातल्या एका सदस्याने ग्रंथालयात बसून जिल्ह्याच्या इतिहासावरचं एक जुनं पुस्तक काढलं आणि पान क्रमांकासह शक नोंदवला. मी त्यांना ओळखत नाही, आजही भेटलेले नाही. माझे फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक मुक्त चित्रसंग्रहावर, गेले आणि तिथून लेखात आले. विदर्भातल्या कुणीतरी माहितीचौकट नीट केली. परदेशात राहणाऱ्या एकाने ऱ्हस्व-दीर्घ तपासले. सांगकाम्याने, म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या प्रोग्रॅमने, मोडलेले दुवे सांधले. लेखाचा 'इतिहास' उघडलात तर प्रत्येकाचा हात, तारीख आणि वेळ दिसते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. एकत्र बसून कुणी लिहीत नाही. एकजण चुकतो, दुसऱ्याला ते खटकतं, तिसरा पुरावा आणतो, आणि हे सगळं उघड्यावर होतं.

आता मराठीतच येणाऱ्या दोन अडचणी सांगते, कारण त्यांच्यावर आमचा सर्वाधिक वेळ जातो आणि बाहेरच्यांना त्याची कल्पना नसते.

पहिली आदराची. विश्वकोशाने तटस्थ असावं, पण मराठीत क्रियापद लावल्याशिवाय वाक्य पुढे जात नाही आणि क्रियापद लावलं की तुम्ही त्या माणसाला मान दिला की नाही हे ठरून जातं. 'हा क्रिकेट खेळाडू आहे' असं आपण सहज लिहितो. 'हा मुख्यमंत्री होता' लिहिताना हात अडखळतो. मग खेळाडूला 'तो' आणि मंत्र्याला 'ते' का? गायिकेला 'त्या' आणि कुस्ती खेळणाऱ्या मुलीला 'ती' का? संतांचं काय करायचं? आपण विठोबालाही 'तो' म्हणतो आणि तुकारामांना 'ते'. यावर चावडीवर (हे आमच्या सामायिक चर्चेच्या पानाचं नाव) पानंच्या पानं भरली आहेत. माझं मत स्पष्ट आहे. एका लेखात एक रूप धरा, शेवटपर्यंत तेच ठेवा, आणि स्त्री-पुरुषांना वेगळा न्याय लावू नका. पुरुष शास्त्रज्ञ 'ते' असेल तर स्त्री शास्त्रज्ञ 'त्या'च असली पाहिजे. असे लेख दिसले की मी आधी तेच बदलते, आणि बदलाच्या सारांशात कारणही लिहिते. नावाच्या मागे-पुढे लावायच्या उपाध्यांचं तर आणखी नाजूक. शीर्षकात 'श्री', 'परमपूज्य', 'लोकनेते' नको म्हटलं की काहींना तो अपमान वाटतो. अपमान करायचा नसतो. माणसाचं काम नीट मांडलं की मान त्यातूनच जातो, असं मी चर्चा पानावर पुन:पुन्हा लिहिते.

दुसरी अडचण अक्षरांची. कऱ्हा नदी घ्या. त्यातला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे अक्षर घेऊन हलन्त लावतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. त्यामुळे एकाच नदीवर, एकाच गावावर दोन लेख तयार होऊ शकतात आणि लिहिणाऱ्या दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाही. असे जुळे लेख सापडले की मजकूर एका जागी आणायचा आणि दुसऱ्या शीर्षकावरून पुनर्निर्देशन लावायचं, म्हणजे ते उघडणारा आपोआप पहिल्या लेखावर पोचतो. काम किचकट, दाद मिळत नाही, पण वाचकाने शोधलं तर त्याला लेख सापडला पाहिजे.

भांडणं होतात, नक्की होतात. सगळ्यात कडवट भांडणं इतिहासपुरुषांच्या आणि संतांच्या जातीवरून होतात. रातोरात कुणी एक शब्द बदलून जातं, सकाळी दुसरं कुणी तो परत बदलतं. फार झालं की प्रचालक पान काही काळ सुरक्षित करतात, मग नवख्या खात्यांना त्यात बदल करता येत नाही. अशा वेळी मी एकच गोष्ट करते. मत मांडत नाही, कोणत्या ग्रंथात कोणत्या पानावर काय म्हटलंय ते लिहिते, आणि विद्वानांत मतभेद असतील तर दोन्ही मतं त्यांच्या नावानिशी देते. त्याने भांडण संपतं असं नाही, पण लेख तरी वाचण्याजोगा राहतो.

मला सर्वांत जास्त दुःख मात्र भांडणांचं होत नाही, चिकटवलेल्या मजकुराचं होतं. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने ठिकठिकाणी संपादनाच्या कार्यशाळा होतात. अशाच एका महाविद्यालयातल्या कार्यशाळेत मी शिकवायला गेले होते. चाळीसेक मुलं-मुली, सगळ्यांचा उत्साह दांडगा. दुपारपर्यंत बरेच लेख झाले, आणि रात्री तपासले तर निम्म्याहून जास्त कुठल्या ना कुठल्या पुस्तकातून किंवा संकेतस्थळावरून जसेच्या तसे उतरवलेले. ते काढावे लागले. एका मुलीने मला सदस्य चर्चा पानावर विचारलं, "मॅडम, मी चार तास टाइप केलं होतं, का काढलं?" मी तिला समजावलं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं प्रताधिकार (कॉपीराइट) असतो. विकिपीडियावरचा मजकूर कुणालाही, अगदी धंद्यासाठीही, श्रेय देऊन आणि त्याच मुक्त परवान्याखाली वापरता येतो, म्हणून दुसऱ्याच्या मालकीचं आपण तिथे ठेवूच शकत नाही. तेच वाचून, पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत लिही. तिने लिहिलं. नऊ ओळींचा लेख झाला, तिच्या गावच्या तळ्यावर, आणि तो अजून आहे. चूक तिची नव्हती. शाळेपासून आपण मुलांना प्रकल्पात उतरवूनच काढायला शिकवतो, आणि आम्हीही त्या दिवशी कळफलक आधी शिकवला, प्रताधिकार नंतर. आता मी उलट क्रमाने शिकवते.

राहिला प्रश्न पैशाचा. विकिमीडिया फाउंडेशन सर्व्हर सांभाळतं, लोकांच्या देणग्यांवर. लेख लिहिणाऱ्यांना ते पैसे देत नाही आणि काय लिहायचं तेही सांगत नाही. मग का करते? मी शाळेत असताना आमची सहल वाईला गेली होती. घाट, ढोल्या गणपती पाहून झाल्यावर आमच्या बाईंनी आम्हाला मराठी विश्वकोशाचं कार्यालय दाखवलं आणि सांगितलं, की तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथे बसून जगातलं सगळं ज्ञान मराठीत आणतायत. त्याच्याही आधी, १९२० च्या दशकात, श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. त्यासाठी कंपनी काढून लोकांना तिचे भाग (शेअर) विकले. त्या कामापुढे माझा रात्रीचा तास काहीच नाही, पण काम तेच आहे असं मला मनापासून वाटतं. विश्वकोशात नोंदीखाली तज्ज्ञाचं नाव असतं आणि त्या नावावर आपण विश्वास ठेवतो. आमच्याकडे तज्ज्ञाची सही नाही, म्हणून प्रत्येक वाक्याला संदर्भाचा टेकू द्यावा लागतो. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि इतक्या वर्षांत लेख झालेत लाखभराच्या घरात. त्यातले कितीतरी दोन-चार ओळींचे. दुकानात बारावीची पोरं औषधाच्या चिठ्ठीवरचं नाव मोबाइलवर शोधतात आणि मराठीत काहीच सापडत नाही तेव्हा इंग्रजी पान बंद करून टाकतात. ते मी रोज पाहते. मधुमेह, क्षयरोग, सर्पदंश यांवरचे लेख म्हणूनच मी हातात घेतले आहेत. त्यात संदर्भाविना एक शब्दही ठेवत नाही, कारण ते वाचून कुणी तरी निर्णय घेणार असतं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर मोठा लेख लिहायला घेऊ नका. खातं उघडा, धूळपाटीवर (सरावासाठीच्या पानावर) हात बसवा, मग तुमच्या गावाचा लेख उघडून त्यातली एक चूक दुरुस्त करा आणि कुठून कळलं ते लिहा. कुणी उलटवलं तर चर्चा पानावर विचारा, शेवटी चार टिल्डा (~~~~) टाका म्हणजे तुमची सही उमटेल. आणि साताऱ्याकडे येणं झालं तर लिंबला जरूर जा. नाव बारामोटेची असलं तरी मोटा बारा की पंधरा याबद्दल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं लिहिलेलं आढळतं, आणि तो मुद्दा आमच्या चर्चा पानावर अजून उघडाच आहे. काठावरच्या थारोळ्यांचे (मोटेचं पाणी जिथे ओततात त्या जागांचे), एकेका थारोळ्याचे, स्वच्छ फोटो आम्हाला हवे आहेत. स्वतः काढलेले हवेत, व्हॉट्सॲपवर आलेले नकोत. पावसाळ्यानंतर गवत कापलेलं असतं तेव्हा चांगले येतात.