आधी लाईन, मग घर

अनेक आशीर्वाद.

नोकरीसाठी लातूरहून निघायला तुझ्या हातात दहाच दिवस आहेत आणि घरचे सगळे मुंबईत भाड्याचं घर शोधायला लागलेत, असं कळलं. त्यांना थांबव. घर आत्ता घ्यायचं नाही. या शहरात आधी लाईन, म्हणजे लोकल गाडीचा मार्ग ठरतो, मग स्टेशन आणि शेवटी घर. हा क्रम उलटा झाला की भाडेकराराचे पुढचे अकरा महिने रोज तीन-चार तास गाडीत जातात.

शिवाय पैशांचं गणित बघ. महिना 20 हजारांचं घर म्हटलं तर तीन महिन्यांचं डिपॉझिट 60 हजार, एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं, आणि पहिलं भाडं आगाऊ. किल्ली हातात येईपर्यंत एक लाख गेले, तेही पगाराच्या आधी. महिन्याच्या वीस-बावीस तारखेनंतर रुजू झालं तर बऱ्याच कंपन्यांत पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पगारासोबत येतो. हे एचआरला आजच विचारून घे. म्हणून पहिला महिना पीजीत किंवा कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, काढ. तिथेही महिन्याभरापेक्षा जास्त आगाऊ देऊ नकोस. सोडताना नोटीस किती दिवसांची आणि विजेचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, हे मेसेजवर लेखी मागून घे.

आता लाईनचं. तुझं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. तिथे जायला तीन वाटा आहेत. पश्चिम रेल्वेने आलं तर वांद्रे स्टेशन, पूर्वेला उतरायचं. मध्य रेल्वेने किंवा तिच्या हार्बर लाईनने (नवी मुंबईकडची) आलं तर कुर्ला, पश्चिमेला उतरायचं. दोन्हीकडून पुढे बेस्टची बस नाहीतर शेअर रिक्षा. तिसरी वाट मेट्रो 3 ची, तिचं स्टेशन बीकेसीतच आहे. वांद्रे स्टेशन आणि वांद्रे टर्मिनस वेगळं, कुर्ला स्टेशन आणि लोकमान्य टिळक टर्मिनस वेगळं. पहिल्या आठवड्यात नवी माणसं हमखास इथेच चुकतात. लाईन बदलायला दादर सोयीचं, आणि तिथले प्लॅटफॉर्म डिसेंबर 2023 पासून 1 ते 14 असे सलग झालेत: 1 ते 7 पश्चिम रेल्वेचे, 8 ते 14 मध्य रेल्वेचे. कुणी जुने नंबर सांगितले तर गोंधळू नकोस.

सकाळी गर्दी दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट-सीएसएमटीकडे धावते, संध्याकाळी उलटी. तुलाही त्याच दिशेने जायचंय, तेव्हा जिथून गाडी सुटते असं स्टेशन पाहावं. डोंबिवली, ठाणे, बोरिवली इथून सुटणाऱ्या लोकल आहेत. सुटणाऱ्या गाडीत बसायला नाही मिळालं तरी आत शिरायला तरी मिळतं. मधल्या स्टेशनावर साडेआठला उभं राहून विरार किंवा कर्जतहून भरून आलेल्या गाडीत चढणं नव्या माणसाला झेपत नाही. जागेसाठी काही जण उलट्या दिशेने मागच्या स्टेशनपर्यंत जाऊन तीच गाडी धरतात. तसं करायचं असेल तर पास त्या मागच्या स्टेशनपासूनचाच काढावा लागतो, नाहीतर तो विनातिकीट प्रवास ठरतो.

माझा कल विचारशील तर हार्बरकडे आहे. वाशी, सानपाडा, नेरूळ या पट्ट्यातून कुर्ला सरळ पडतं, हार्बरच्या गाड्या सगळ्या स्टेशनांवर थांबतात, त्यामुळे फास्ट-स्लोचा घोळ नाही. नवी मुंबई महापालिकेकडे स्वतःचं मोरबे धरण आहे, पाण्याची ओढाताण कमी. एक उणीव मात्र खरी: जोराच्या पावसात कुर्ला-चुनाभट्टीजवळ रुळांवर पाणी साचतं आणि हार्बर बंद पडते.

कुठलंही स्टेशन पसंत पडलं तरी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठला तिथून ऑफिसपर्यंत एकदा प्रत्यक्ष जाऊन बघ. रविवारी नको. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी बऱ्याच गाड्या बंद असतात, आणि गर्दीही नसते, त्यामुळे खरं काही कळत नाही. घड्याळ घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत लाव. जाहिरातीत 'स्टेशनपासून 5 मिनिटं' असतं ते बहुधा रिकाम्या रस्त्यावर, रिक्षाने.

लोकलच्या चार सवयी पहिल्याच दिवशी लाव. इंडिकेटरवर गाडी कुठपर्यंत जाणार, स्लो की फास्ट, डबे 12 की 15 हे बघूनच उभं राहा. फर्स्ट क्लास, महिला, दिव्यांग आणि सामानाचे डबे वेगळे असतात, घाईत चुकीच्या डब्यात शिरलं की दंड. सॅक पाठीवर नाही, पुढे. उतरायचं स्टेशन यायच्या दोन स्टेशनं आधीच पुढच्याला 'कुर्ला उतरणार?' असं विचारायचं आणि प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येतो तेही. तो उतरणार नसेल तर जागा बदलून देतो, इथे त्यात कुणाला काही वाटत नाही. जवळच्या स्टेशनासाठी लांबच्या फास्ट गाडीत चढू नकोस. आत ढकलले जाल आणि उतरताच येणार नाही.

आणि दारात लटकायचं नाही. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातली माणसं खाली पडली, काहींचा जीव गेला. लेटमार्क लागला तर लागू दे. पुढची गाडी धर. हे मी हात जोडून सांगतो.

पास पहिल्याच दिवशी काढ. मासिक पास साधारण 15 एकेरी तिकिटांच्या किमतीत येतो. त्रैमासिक पास महिन्याच्या 2.7 पट, पण घर पक्कं होईपर्यंत मासिकच घे. मोबाइलवरचा पास अॅपमध्येच दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. बॅटरी संपली की तपासनिसाच्या लेखी पास नाही. पॉवर बँक बाळग.

महिन्याभरात घर बघायला लागशील तेव्हा एकच घर दोनदा बघ, एकदा संध्याकाळी आणि एकदा सकाळी सातला. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, बाथरूमच्या नळाला जोर किती, हे सकाळीच कळतं. नवा रंग दिलेला असेल तर भिंतीतल्या कपाटात डोकं घालून वास घे. ओल रंगाने झाकते, कुबट वास झाकत नाही. वरच्या मजल्यावर छताचे कोपरे बघ. विजेचं मागचं बिल माग: थकबाकी कळते आणि बिलावरच्या नावावरून समोरचा खरंच मालक आहे का, याचाही अंदाज येतो. किल्ली घ्यायच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो आणि सगळ्या घराचा व्हिडिओ काढून मालकाला पाठव. डिपॉझिट परत घेताना तोच कामाला येतो.

घर न बघता टोकन देऊ नकोस. सैन्यात आहे, बदली झाली, क्यूआर कोड पाठवतो तो स्कॅन कर म्हणजे पैसे परत येतील, असं कुणी म्हणालं तर तो ठग आहे. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 वर फोन.

करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायच्या परवानगीचा, आणि तो नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, अकरा महिन्यांच्या करारालाही सूट नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं 10 टक्के वार्षिक व्याज मिळून जी रक्कम होते तिच्या 0.25 टक्के. वरच्या उदाहरणात ते साडेपाचशेच्या आसपास येतं, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000. याच्यावर एजंट जे मागेल ती त्याची मजुरी, तिथे घासाघीस करावी. लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिने, नोटीस किती, सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, या तीन ओळी सहीआधी वाच. पैसे मालकाच्याच खात्यात, रोख नको. पोलिसांना भाडेकरूची माहिती मालकाकडून गेली की तिची प्रत मागून ठेव. नोंदवलेला करार पुढे आधारवरचा पत्ता बदलायलाही चालतो.

जेवणाची काळजी नको. स्टेशनाजवळ पोळी-भाजी केंद्रं असतात, घरगुती डबाही मिळतो. आधी आठवडाभर खाऊन बघ, मग महिन्याचा लाव. चहा-भातापुरता गॅस हवा असेल तर 5 किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. पीजीत मात्र मालकाला विचारूनच.

पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक बघायची सवय लाव. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी समुद्रात जात नाही, रस्त्यावर राहतं. त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघ, नाहीतर तिथेच थांब, मध्ये अडकू नकोस. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलंच तर, पायाला जखम असो वा नसो, 24 ते 72 तासांच्या आत डॉक्टरला दाखव. लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) गोळी वेळेत घेतली तरच उपयोगाची. मुंबई महापालिकेचा आपत्कालीन नंबर 1916 आहे.

ऑफिस बीकेसीच्या कोणत्या ब्लॉकमध्ये आहे आणि किती वाजता पोचायचं, एवढं एचआरकडून विचारून मला कळव. वांद्र्याहून जवळ की कुर्ल्याहून, ते त्यावर आहे. कळलं की पीजीसाठी स्टेशन ठरवू.

तुझा,
काका