पहिली अ‍ॅडव्हेंचर बाईक घेताय तर आधी पाय टेकवून पाहा

भाऊ, पहिलीच घेतोय न, मग सीसीच्या, म्हणजे मोठ्या इंजिनच्या, मागे लागू नको. तू म्हणतो रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घेतो, गाडी मस्तच आहे, पण १९६ किलो वजन आहे तिचं अन् हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही १६० किलोच्या आत बसते. हा फरक शोरूममध्ये नाही समजत, उमरेडकडं पावसात काळ्या मातीत गाडी आडवी झाली की समजतो. माझी झाली होती, मडगार्ड अन् चाकाच्या मधात चिखल असा गच्च बसला की चाकच फिरेना, काडीनं कोरून कोरून काढला, अन् एकट्यानं उचलता आली ती फक्त हलकी होती म्हणून.

सीटची उंची ८२५ मिमी आहे दोन्हीची, तर बूट घालून जा, बसून पाहा, दोन्ही पायाचे पंजे नीट टेकले तरी पुरे. अन् बसल्या बसल्या मागं ढकलून पाहा, हे कोणीच करत नाही.

एक्सपल्सचे टायर ट्यूबवाले आहेत, स्पोकची चाकं, म्हणून पंक्चर काढणं शिकूनच घे. हायवेला शंभरच्या वर ती दमते, हे खरं. पण समृद्धीवर तसंही दुचाकी चालत नाही, अन् तुला जायचं रामटेक, खिंडसी, फार तर चिखलदऱ्याचा घाट, तिथं कुठं लागतो एवढा स्पीड? एक्सपल्स स्वस्त पडते, तर उरलेल्या पैशात चांगलं हेल्मेट, गुडघ्याचे गार्ड अन् जाळीचं जॅकेट घे, मे महिन्यात ४५ डिग्रीत दुसरं काही अंगावर राहतच नाही.