लॅपटॉपवर रंग झकास, मॉनिटरवर मात्र उतरलेले

या वेळी बाहेरच्या मॉनिटरच्या रंगांवरच इतके प्रश्न आलेत की बाकीचं सगळं पुढच्या अंकावर ढकललं. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत, तेव्हा तुमचा प्रश्न शब्दशः दिसला नाही तर रागावू नका.

प्रश्न : लॅपटॉपला २४ इंची फुल एचडी मॉनिटर एचडीएमआयने जोडलाय. लॅपटॉपवर सगळं छान दिसतं, पण तीच विंडो ओढून मॉनिटरवर नेली की रंग धुऊन निघाल्यासारखे, काळा तर चक्क राखाडी. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट वरखाली करून झालं, महागातली केबल आणली, फरक शून्य. मॉनिटरच खराब निघाला का?

उत्तर : बहुतेक नाही, परत करायची घाई करू नका. आधी मॉनिटर त्याच्याच मेनूतून फॅक्टरी रिसेट करा, कारण इतकी ओढाताण केल्यावर मूळचा दोष कुठला आणि तुम्ही घातलेला कुठला हे आता तुम्हालाही सांगता येणार नाही. मग तोच मेनू उघडा ठेवा आणि त्याचे रंग नीट बघा. हा मेनू लॅपटॉपकडून येत नाही, मॉनिटर स्वतः काढतो, त्यामुळे मेनूची पट्टी गडद काळी आणि आयकॉन चकचकीत दिसतायत आणि त्याच्या मागचा डेस्कटॉप तेवढा फिका आहे, असं असेल तर पॅनेल ठणठणीत आहे, गोंधळ येणाऱ्या सिग्नलमध्ये किंवा मॉनिटर तो सिग्नल कसा वाचतोय त्यात आहे. मेनूही मळकट, पिवळट दिसत असेल तर मात्र मॉनिटरकडे संशयाने बघायला हरकत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला हा फुल आणि लिमिटेड रेंजचा घोळ वाटतो. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक रंगाची पातळी ० ते २५५ अशी मोजतात, ० म्हणजे काळाकुट्ट आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र. टीव्हीच्या दुनियेत मात्र हाच हिशोब १६ ते २३५ असा चालतो. आता एचडीएमआय हे मुळात टीव्हीवाल्यांचं प्रकरण, आणि १०८० (म्हणजे तुमचं फुल एचडी) हे टीव्हीचंही रिझोल्यूशन, त्यामुळे कधी कधी लॅपटॉपचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) समोरच्या मॉनिटरला टीव्ही समजून बसतो आणि १६ ते २३५ वालं चित्र पाठवतो. मॉनिटर बिचारा ० ते २५५ धरून चाललेला, त्याला १६ म्हणजे काळा असं कोणी सांगितलेलंच नसतं, तो १६ ला १६ च दाखवतो, म्हणजे गडद राखाडी, आणि पांढराही थोडा मळलेला. म्हणूनच ब्राइटनेसने काही साधलं नाही, काळा खाली आणायला गेलात की पांढराही सोबत खाली येतो.

उपाय फुकट आहे. एनव्हिडियाचं ग्राफिक्स (चित्र तयार करणारी चिप) असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन'च्या पानावर खाली जा, आधी 'यूज एनव्हिडिया कलर सेटिंग्ज' निवडा (नाहीतर बाकीचे पर्याय बंदच राहतात आणि लोक तिथूनच परत फिरतात), मग कलर फॉरमॅट आरजीबी (लाल-हिरवा-निळा) आणि डायनॅमिक रेंज फुल. इंटेलच्या ग्राफिक्स अ‍ॅपमध्ये हेच 'क्वांटायझेशन रेंज' नावाने असतं, एएमडीत 'पिक्सेल फॉरमॅट'मध्ये फुल आरजीबी निवडायचं. एक गंमत लक्षात ठेवा, लॅपटॉपमध्ये एनव्हिडिया असलं तरी एचडीएमआयचं पोर्ट पुष्कळदा आतून इंटेलच्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं, मग एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये डिस्प्लेचे हे पर्यायच सापडत नाहीत. घाबरू नका, इंटेलच्या अ‍ॅपमध्ये जा.

लॅपटॉपवर काहीच सापडलं नाही तर मॉनिटरच्या मेनूत 'ब्लॅक लेव्हल' किंवा 'आरजीबी रेंज' शोधा आणि तिथे बदला. पण एकाच टोकाला बदला, दोन्हीकडे नाही. दोन्हीकडे बदललं की उलटी बोंब होते, काळ्या केसांचा फोटो उघडून बघा, एकेक बट वेगळी न दिसता डोक्यावर नुसता काळा गोळा दिसला तर समजायचं जास्त झालं.

आणि केबलबद्दल, एचडीएमआय डिजिटल असतं, केबल वाईट असली तर चित्रात ठिपके चमकतात, स्क्रीन मध्येच काळी पडते, सिग्नल जातो. रंग फिके करण्याचं काम ती करत नाही. सोन्याचा मुलामा दिलेली केबल घेऊन रंग गडद होतील असं कोणी सांगत असेल तर त्याला केबल विकायचीय. जमलं तर डिस्प्लेपोर्टने, नाहीतर चित्र देणाऱ्या यूएसबी-सी पोर्टने थेट जोडून बघा, तिथे हा रेंजचा ताप क्वचितच होतो.

प्रश्न : ४के मॉनिटर घेतला. व्हिडिओ मस्त, पण काळ्यावर लाल अक्षरं असली की कडा फिसकटलेल्या, शाई पसरल्यासारख्या. पांढरी अक्षरं मात्र स्वच्छ. हे काय?

उत्तर : पांढरी स्वच्छ आणि रंगीत फिसकटलेली, एवढ्यावरच निदान झालं. लॅपटॉप तुम्हाला पूर्ण रंग पाठवतच नाहीये. ४:२:० नावाची एक काटकसर असते, त्यात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलला वेगळी जाते पण रंगाची माहिती चार पिक्सेलमध्ये मिळून एकच. चालत्या व्हिडिओत कोणाला पत्ता लागत नाही, पण एखाद-दोन पिक्सेल जाडीच्या लाल अक्षराची वाट लागते.

असं होतं कारण वायरीतून तेवढी माहिती मावत नाही. एचडीएमआय २.० ची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट, त्यात ४के, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं), ८ बिट (प्रत्येक रंगाच्या ० ते २५५ पातळ्या) पूर्ण रंगासकट जेमतेम बसतं. तुम्ही १० बिट (त्याहून जास्त पातळ्या) किंवा एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) चालू केलं की मावत नाही आणि ड्रायव्हर गुपचूप रंगाला कात्री लावतो. एचडीएमआय १.४ असेल तर ४केला पूर्ण रंग ३० हर्ट्झपर्यंतच. विंडोजमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मग 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले' असं उघडा, तिथे बिट डेप्थ आणि कलर फॉरमॅट सरळ लिहिलेलं असतं. आरजीबी असेल तर ठीक, वायसीबीसीआरच्या (उजेड आणि रंग वेगवेगळे पाठवायची पद्धत) पुढे ४:२:० किंवा ४:२:२ असेल तर चोर सापडला. ८ बिट आणि आरजीबी करा, एचडीआर बंद करा. मधे यूएसबी-सीचा जुना अडॅप्टर लावलेला असेल तर तोही तपासा, त्यातले बरेच ४केला ३० हर्ट्झच्या वर जात नाहीत. आणि मॉनिटरऐवजी टीव्हीच वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये त्या इनपुटचं नाव पीसी करून बघा, कित्येक टीव्ही तेवढ्याने सुधारतात.

प्रश्न : जुना व्हीजीए मॉनिटर कन्व्हर्टर लावून वापरतो. अचानक सगळं पिवळं दिसायला लागलं, केबल हलवली की क्षणभर नीट होतं.

उत्तर : निळा रंग पोचत नाहीये. व्हीजीएत लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या पिनांतून जातात, पहिली पिन लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी. निळा तुटला की चित्र पिवळं, हिरवा तुटला की गुलाबी-जांभळं, लाल तुटला की हिरवट निळं. केबल काढून टोक उजेडात धरा, एखादी पिन वाकली असेल तर बारीक चिमट्याने हळूच सरळ करा. नववी पिन नसली तर गळाठून जाऊ नका, पुष्कळ केबलींत ती मुळातच नसते. पिना सरळ असूनही पिवळंच असेल तर केबल बदला, तरीही राहिलं तर कन्व्हर्टर.

प्रश्न : मॉनिटरवर एचडीआर लिहिलंय म्हणून चालू केलं, तर रंग भारी व्हायच्या ऐवजी डेस्कटॉपच फिका झाला.

उत्तर : बंद करा. खरंच. रोजचं काम, वेबसाइट, ऑफिसच्या फायली हे सगळं साधं चित्र आहे, एचडीआर चालू असताना विंडोज ते नव्या मापात बसवतं आणि स्वस्तातल्या मॉनिटरवर ते फिकं दिसतं, कारण स्क्रीनचे भाग वेगवेगळे उजळवण्या-मंदावण्याची सोयच त्यात नसते. एचडीआर सिनेमा किंवा गेम लावाल तेव्हाच चालू करा, विंडोज, ऑल्ट आणि बी एकदम दाबलं की चालू-बंद होतं. कायम चालू ठेवायचा हट्टच असेल तर एचडीआर सेटिंगमधल्या 'एसडीआर कंटेंट ब्राइटनेस'ची (एसडीआर म्हणजे हेच साधं चित्र) पट्टी सरकवून बघा, थोडा जीव येतो.

प्रश्न : मी फोटो एडिट करते. लॅपटॉप ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळतो), मॉनिटर आयपीएस (एलसीडीचाच प्रकार, उजेड मागच्या दिव्यांचा). लॅपटॉपवर जे झणझणीत दिसतं ते मॉनिटरवर मवाळ वाटतं. नेमका खरा रंग कुठला?

उत्तर : ऐकायला आवडणार नाही, पण इथे थापा लॅपटॉप मारत असण्याची शक्यता जास्त. ओएलईडी लॅपटॉप सहसा पी३ नावाचा मोठा रंगपट्टा दाखवतात, वेबवरचे बहुतेक फोटो मात्र एसआरजीबी या १९९६ सालच्या, त्याहून लहान पट्ट्यासाठी असतात. रंग नीट जुळवून दाखवणारं सॉफ्टवेअर नसलं की लहान पट्ट्याचे आकडे मोठ्या पट्ट्यावर ताणले जातात आणि गालांवर लाली चढते. त्यात ओएलईडीचा काळा म्हणजे पिक्सेलच बंद, आणि आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १००० ला १, मग शेजारी ठेवल्यावर आयपीएस मवाळ वाटणारच.

दोन्हीकडे एसआरजीबी मोड लावा, लॅपटॉपमध्ये तो बहुतेक कंपनीच्याच डिस्प्ले अ‍ॅपमध्ये सापडतो. मॉनिटरवर या मोडमध्ये पुष्कळदा ब्राइटनेसची पट्टी कुलूपबंद असते, हा वैताग मला आजवर कळलेला नाही, पण आहे. विंडोजचा नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय) आणि मॉनिटरचा 'रीडिंग' मोड एडिटिंगच्या वेळी बंद हवा. अजून एक तपासायचं ते कलर प्रोफाइल (स्क्रीन रंग कसे दाखवतो हे सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल), विंडोज अपडेटबरोबर कधी कधी मॉनिटर कंपनीचं प्रोफाइल आपोआप बसतं आणि ते बिनसलेलं असलं तर फोटो बघायच्या अ‍ॅपमध्ये पांढरा कागद पिवळसर दिसतो, पण ब्राउझरच्या खिडकीची चौकट पांढरीच. 'कलर मॅनेजमेंट' उघडून ते काढा आणि एसआरजीबी डीफॉल्ट करा.

एवढं करूनही दोन स्क्रीन हुबेहूब जुळणार नाहीत, नुसत्या डोळ्यांनी जुळवायला बसलात तर संध्याकाळ जाईल. पैसे मिळणारं काम असेल तर स्क्रीनवर टेकवून रंग मोजणारं कॅलिब्रेटर घ्या किंवा कोणाकडून उसनं आणा, मॉनिटर अर्धा तास चालू ठेवून मग मोजा, आणि लॅपटॉप ईमेलला ठेवून फोटो मॉनिटरवरच करा.