अंतर ४०० किलोमीटर, मग तिकिटावर सव्वा तास का?

तुम्ही विचारलंय की दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर ४०० किलोमीटर आहे, विमान ताशी ८०० नं जातं, म्हणजे अर्धा तास. मग तिकिटावर सव्वा तास कसा? मीही पूर्वी असाच भागाकार करायचो आणि घ्यायला येणाऱ्यांना हमखास चुकीची वेळ सांगायचो.

आधी विमान कोणतं ते बघा. ८०० चा आकडा जेटचा. छोट्या मार्गांवर बऱ्याचदा एटीआर ७२ सारखं पंख्यांचं विमान असतं आणि त्याचा वेग ताशी ५०० च्या आसपास. इथेच अर्ध्या तासाची ४८ मिनिटं झाली.

पण खरी गोम पुढे आहे. तिकिटावरची वेळ उड्डाणापासून मोजतच नाहीत. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागचं हललं की ती सुरू होते आणि पोहोचल्यावर पुन्हा ठोकळे लागले की संपते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. एकदा खिडकीशी बसून मी घड्याळ लावून पाहिलं. विमान हललं, रमतगमत धावपट्टीच्या टोकाशी आलं आणि दुसरं विमान उतरायचं होतं म्हणून उभं राहिलं. चाकांनी जमीन सोडली तेव्हा १४ मिनिटं झाली होती!

हवेत गेल्यावरही लगेच पूर्ण वेग मिळत नाही, चढण्यात वेळ जातो. उतरताना तर वाऱ्याकडे तोंड करूनच उतरायचं असतं. तुम्ही पूर्वेकडे चालला आहात आणि वारा पश्चिमेचा आहे, तर विमान बहुधा विमानतळ ओलांडून पुढे जातं आणि वळून परत येतं. खाली धावपट्टी दिसत असते, तरी आणखी काही मिनिटं जातात.

म्हणून माझा ठोकताळा असा: अंतर भागिले विमानाचा वेग, अधिक अर्धा तास. तुमच्या मार्गावर एटीआरला ४८ अधिक ३०, म्हणजे १ तास १८ मिनिटं. जेटला तासभर. एवढ्या वेगवान विमानानंही वाचतात जेमतेम १८ मिनिटं. लांबच्या प्रवासात हा वरचा अर्धा तास जाणवत नाही, जवळच्या प्रवासात तोच सगळं गणित फिरवतो. स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांमध्ये जेमतेम २.७ किलोमीटरची विमानसेवा आहे. वेळापत्रकात २ मिनिटं. भागाकार केलात तर ताशी ८१ किलोमीटर, म्हणजे मोटारीचा वेग! वारा साथीला असला तर ते विमान मिनिटाच्या आतही पोहोचतं.

वाऱ्याचं म्हणाल तर समोरून ताशी ८० किलोमीटरचा असेल तर एटीआरची ४८ मिनिटं ५७ होतात, पाठीमागून असेल तर ४१. जायची आणि यायची वेळ वेगळी दिसते ती बऱ्याचदा यामुळेच.

अंतर बघताना एकक तेवढं तपासा. काही ठिकाणी ते नॉटिकल मैलांत असतं आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तुमचे ४०० किलोमीटर तिथे २१६ दिसतील. शिवाय ते गोलावरचं सरळ अंतर असतं. विमान ठरलेल्या हवाई मार्गानं जातं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं जास्तच कापतं.

आणि दोन शहरांची घड्याळं वेगळी असतील तर तिकिटावरच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नका. दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात.