ब्रिजमध्ये भिडूने खूप वेळ विचार करून पास केला, तर त्यानंतर मी बोली देणं ही फसवणूक होते का?

तुम्ही लिहिलंय की भिडू बराच वेळ थांबून पास झाला, तुमची पानं बरी होती म्हणून तुम्ही बोललात, समोरच्यांनी डायरेक्टरला (स्पर्धेच्या पंचाला) बोलावलं आणि स्कोअर बदलला गेला. "मी माझ्या पानांवर बोललो, यात फसवणूक कुठे?" असा तुमचा प्रश्न. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी सहा वर्षं ज्याच्यासमोर बसून खेळलो त्याच्या तोंडून ऐकलंय. म्हणून लिहायला बसलो.

फसवणूक नाही. फसवणूक म्हणजे आधी ठरवून खुणा करणं, आणि तो आरोप तुमच्यावर कोणी केलेला नाही. पण नियम मोडला गेला असणार आणि डायरेक्टरने बहुधा बरोबर केलं. तुम्ही तुमची तेरा पानं लिहिलेली नाहीत, त्यामुळे 'बहुधा'.

आता माझा, त्याच भिडूबरोबरचा डाव. टीम ऑफ फोरचा सामना (संघाच्या दोन जोड्या तोच डाव दोन टेबलांवर उलट बाजूंनी खेळतात), शेवटच्या सत्रातले दोन-तीन डाव उरलेले, दोन्ही बाजू व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे. भिडूने एक बदाम उघडलं (बदाम हुकूम धरून सहा अधिक एक, म्हणजे सात हात करायची बोली), माझ्या उजवीकडच्याने एक इस्पिक. माझ्याकडे इस्पिकची एकटी चौकी, बदामचा राजा, गुलाम, अठ्ठी, पंजी, चौकटची राणी, दश्शी, सत्ती, तिर्री, आणि किलवरची नव्वी, सत्ती, छक्की, चौकी. मी तीन बदामवर उडी मारली. आमच्या पद्धतीत ती उडी म्हणजे कमकुवत पानं, चार हुकूम, वाट अडवणारी बोली. डावीकडच्या बाईंनी स्टॉप कार्ड (उडीची बोली देताना ठेवायचं कार्ड) ठेवून चार इस्पिक टाकलं.

पुढची पाळी भिडूची; स्टॉप कार्ड टेबलावर असताना त्याला थांबावंच लागतं, साधारण दहा सेकंद. त्या थांबण्यातून काहीच कळत नाही, ते त्यासाठीच आहे. आणि त्याच दहा सेकंदांत माझ्या मनात पाच बदाम येऊन गेलं होतं. इस्पिक एकच, हुकूम चार, समोरचे चारपर्यंत पोचलेले. हे मी आजही शपथेवर सांगेन.

बाईंनी कार्ड उचललं. भिडू बोलला नाही. त्याने डावीकडचं एक पान काढून उजव्या टोकाला खोचलं. बिडिंग बॉक्सच्या मागच्या गठ्ठ्यावर, म्हणजे बोलींच्या गठ्ठ्यावर, अंगठा ठेवला. अंगठा काढला. पानं मिटली, परत उघडली. मिनिटभर तरी गेला असेल. मग हिरवं पासचं कार्ड हळूच टेबलावर आलं. उजवीकडचाही पास. आता माझी पाळी.

त्या अंगठ्याने मला काय सांगितलं होतं? माझ्या हातात एकच इस्पिक आणि समोरचे दोघं त्या रंगात चारवर गेलेले, म्हणजे भिडूकडेही इस्पिक फार नसणार, मग तो डबलचा (समोरच्यांची बोली पडेल असं म्हणून दंड वाढवण्याचा) विचार करत नव्हता. तो पाच बदामचा विचार करत होता. त्याच्याकडे उघडण्यापुरत्या पानांपेक्षा काहीतरी जास्त होतं. हे सगळं मला कळलं, आणि बोलीतून कळलं नाही, अंगठ्यातून कळलं.

मी पास केला.

चार इस्पिक बरोबर बनलं. आम्हाला चौकटचे दोन हात मिळाले आणि बदामचा एक, त्यांना ६२० गुण. भिडूची पानं खाली आली तेव्हा पाहिली: इस्पिकची अठ्ठी एकटी, बदामचे एक्का-राणीसह सहा पत्ते, चौकटचे एक्का, राजा, गुलाम आणि चौकी, किलवरचे दोन बारके. पाच बदाम खेळलो असतो तर एक इस्पिक आणि दोन किलवर गेले असते, डबलसकट एक हात खाली, २००. दुसऱ्या टेबलावर नेमकं तेच झालं होतं, तिथे आमच्या जोडीला २०० मिळाले. फरक ४२०, म्हणजे ९ आयएमपी (टीम सामन्यात दोन टेबलांवरच्या फरकावरून मिळणारे गुण). सामना आम्ही ७ आयएमपीने हरलो. मी बोललो असतो तर डाव बरोबरीत सुटला असता आणि सामना २ ने आमचा.

हिशेब भिडूनेही केला होता. बाहेर पार्किंगमध्ये त्याने एकच प्रश्न विचारला: "खरं सांग, मी पटकन पास झालो असतो तर तू काय केलं असतंस?"

"पाच बदाम बोललो असतो."

"मग?"

त्या 'मग?'चं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. आज देतो, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे.

नियम असं म्हणतच नाही की 'एरवी जे केलं असतं ते करा'. खूप जुन्या खेळाडूंचाही हाच गैरसमज असतो. स्पर्धांत खेळल्या जाणाऱ्या ड्युप्लिकेट ब्रिजच्या २०१७च्या नियमावलीतला १६वा नियम सांगतो की भिडूच्या थांबण्यातून, हावभावातून, प्रश्नातून काही कळलं, आणि त्या माहितीने एका बोलीकडे उघड कल दाखवला, तर दुसरा तर्कसंगत पर्याय असताना ती बोली निवडायची नाही. तर्कसंगत पर्याय म्हणजे तुमच्याच पातळीच्या, तुमचीच पद्धत खेळणाऱ्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांनी ज्याचा गंभीरपणे विचार केला असता आणि काहींनी जो कदाचित निवडलाही असता. ७३वा नियम आणखी कडक आहे: अशा माहितीचा कसलाही फायदा घेणं काळजीपूर्वक टाळा. 'मी असंही बोलणारच होतो' हे कुणीही तपासू शकत नाही. आणि अंगठा पाहिल्यावर मी स्वतःही तपासू शकत नाही. दहा सेकंदांत मनात आलेलं पाच बदाम पक्कं होतं की नुसतं येऊन गेलेलं, हे नंतर कोण सांगणार? म्हणून नियम मनात शिरत नाही, पानं बघतो. माझ्या पानांवर पास शक्य होता का? होता. तीन बदाममध्ये मी माझी पानं सांगून टाकली होती, पुढचा निर्णय भिडूचा होता. विषय संपला.

होय, म्हणजे भिडू पटकन पास झाला असता तर मी बोलू शकलो असतो आणि हळू पास झाला म्हणून नाही. त्याला हे हास्यास्पद वाटायचं. मला वाटत नाही. विचार करायचा हक्क त्याचा आहे, त्याची किंमत मी मोजतो, आणि दुसऱ्या डावात माझ्या विचाराची किंमत तो मोजतो. जोडी म्हणजे तेच.

त्याचं दुसरं वाक्य मात्र मी विसरलो नाही: "ती जोडी नवखी होती, त्यांनी डायरेक्टरला बोलावलंही नसतं." खरं होतं ते. बाईंना बहुतेक काही जाणवलंही नव्हतं. पण समोरच्यांना नियम माहीत नाही म्हणून आपल्याला सूट, हे मला तेव्हाही मान्य नव्हतं आणि आजही नाही. ज्याला कळलं, त्यानेच थांबायचं. त्या हंगामानंतर आम्ही एकत्र खेळलो नाही.

त्याला तेव्हा सांगायचं राहिलं ते इथे सांगतो: चूक पासमध्ये नव्हतीच, विचाराच्या वेळेत होती. मी तीन बदामवर उडी मारली तेव्हा बाईंना दहा सेकंद थांबावं लागलं. तेव्हाच त्याने ठरवायला हवं होतं की चार इस्पिक आलं तर काय करायचं. एक इस्पिक, मग तीन बदाम, पुढे चार इस्पिक येणार हे दिसतच होतं. विचार समोरच्याच्या वेळेत करा. स्वतःच्या वेळेत मिनिटभर विचार केलाच, तर शक्यतो काहीतरी बोला. तो पाच बदाम बोलला असता तर सगळं कायदेशीर होतं, त्याच्या पानांवर योग्यही होतं. लांब विचार आणि मग पास, ही भिडूला बांधून ठेवायची सगळ्यात खात्रीची रीत आहे.

हेच दुसऱ्या जागीही दिसेल. भिडूने हळूहळू, नाइलाजाने डबल दिलं की ते काढून बोली द्यायचा मोह होतो, कारण डबलबद्दल त्याची खात्री नाही हे कळलेलं असतं. ब्लॅकवुडनंतर (एक्के किती हे विचारणाऱ्या बोलीनंतर) भिडू घुटमळून पाच इस्पिकवर थांबला की सहा बोलावंसं वाटतं, कारण तो सहाचाच विचार करत होता. पास करायचा.

आता काही गोष्टी ज्या मी आधीच लिहायला हव्या होत्या. थांबणं हा गुन्हा नाही. वेग सारखा ठेवायचा प्रयत्न करावा, पण नकळत वेग बदलला तर तो नियमभंग नव्हे, तेव्हा घरी जाऊन भिडूवर चिडू नका. दुसरं, तुमची पानंच अशी असतील की कोणीही शहाणा पास करणार नाही, तर भिडू तासभर थांबला तरी बोला. मुद्दाम पास करून हुतात्मा व्हायची गरज नाही. तिसरं, थांबण्यावरून काय सुचतं हेच कळत नसेल तर तुमच्यावर बंधन नाही. मोठ्या स्पर्धांत १९७५च्या बर्म्युडा बोलपासून (ब्रिजच्या जागतिक सांघिक स्पर्धेपासून) भिडू एकमेकांना दिसू नयेत म्हणून टेबलावर पडदे आले, तिथे बोलींचा ट्रे पडद्याखालून उशिरा आला तरी पलीकडच्या दोघांपैकी कोण थांबलं हे कळणं अवघड. ऑनलाइन खेळताना तर नेट अडकलं की भिडू, हेही सांगता येत नाही. आणि डायरेक्टरला बोलावणं म्हणजे आरोप नव्हे. ज्यांनी तुमच्या टेबलावर बोलावलं त्यांच्याशी पुढच्या वेळी नीट बोला.

डायरेक्टर अशा वेळी बऱ्याचदा तुमच्या पातळीच्या चार-पाच जणांना पानं आणि बोली दाखवतो, थांबण्याचा उल्लेख न करता, आणि काय बोलाल ते विचारतो. मी माझा डाव नंतर पाच ओळखीच्यांना तसाच दिला. तिघांनी पास केला, दोघांनी पाच बदाम. मध्यस्थामार्फत हा आकडा जुन्या भिडूपर्यंत पोचला. त्याचा निरोप आला, "बघ, दोघं बोलले."

तिघं पास झाले, हे त्याला अजूनही दिसत नाही. तुम्ही तुमच्या डावाची पानं घेऊन पाच जणांना विचारा, आणि पास करणारे आधी मोजा.