कात्रजच्या चढावर गुडघा का दुखतो?

प्रश्न : वय ४२. तीन महिन्यांपूर्वी रोड बाईक (डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल) घेतली. खडकवासल्यापर्यंत सहज जातो. परंतु जुन्या कात्रज घाटात निम्म्यावरच धाप लागते आणि गुडघा पुढच्या बाजूने दुखतो. सराव कमी पडतो आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सरावापेक्षा सीट आणि गिअर यांच्याकडे आधी पाहावे. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी आणि पेडल सर्वांत खाली न्यावे. त्या स्थितीत पाय सरळ न होता गुडघा वाकलेलाच राहत असेल, तर सीट खाली आहे आणि आपल्या दुखण्याचे कारण बहुधा तेच आहे. ती एकदम न उचलता चार-पाच मिलिमीटरने वाढवून आठवडाभर चालवून पाहावी. दुसरी चूक जवळजवळ प्रत्येक नवखा करतो (प्रस्तुत लेखकानेही ती वर्षभर इमानेइतबारे केली): जड गिअरवर दात-ओठ खात चढणे. चढ लागण्यापूर्वीच हलका गिअर टाकून पाय मिनिटाला ७० ते ८० फेऱ्या फिरतील असे पाहिल्यास गुडघ्यावरचा ताण बराच उतरतो.

दमाचे म्हणाल, तर आठवड्यातील तीनपैकी दोन फेऱ्या सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश कराव्यात आणि घाट एकदाच घ्यावा. एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांत दुखणे न थांबल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना गुडघा दाखवावा.